वारुळाबाहेरची वस्ती

मला ओळखणाऱ्या एकाही माणसाला हे ठाऊक नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, कंपनीतल्या लोकांना तर नाहीच नाही. मग तुम्हालाच का? — खरं सांगू, तुम्ही मधेच हात धरून ‘जाऊ दे गं, होतं असं’ म्हणू शकणार नाही, म्हणून. तेवढं कुणी म्हणालं की मी थांबेन. आणि एकदा थांबले की परत सुरू होणार नाही, मला माझं माहीत आहे.

मी किड्यांची राज्यं बनवते. हसू नका, पोट त्यावर चालतं माझं. मोबाईलवर खेळायचे खेळ असतात ना, त्यातलं जग कुणीतरी आधी बसून रचावं लागतं — कोण कुठं राहतो, कोण कुणाला घाबरतो, सण कुठले, कायदा काय. ते काम माझं. आमच्या खेळात माणूस एकही नाही. सगळे किडे, आणि सगळे शहाणे. बोलणारे, भांडणारे, पंचायत भरवणारे. माझ्या आईला अजून वाटतं मी शेतीखात्यात आहे आणि फवारणीच्या औषधांचं काहीतरी बघते. तिला नीट समजावून सांगायचं मी टाळत आले आहे.

सध्या डोकं पार उठलंय. कंपनीला खेळाचा दुसरा भाग हवा आहे. नवे किडे, नवं राज्य. दोन महिने झाले, मी रोज दुपारी बसते, लिहिते आणि फाडते. टोळ घेतले — म्हटलं, यांना गाव नाही, घर नाही, आज इथं तर उद्या तिथं. तिसऱ्या पानावर टोळांचा तळ पडला आणि तळाच्या बाहेर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, कुणीतरी वेगळं बसलेलं होतं. फाडलं. काजवे घेतले. ज्यांना भिंतच नाही त्यांच्यात कोण बाहेर बसणार? दुसऱ्याच पानावर ज्यांचा उजेड मंद ते काजवे दुसऱ्या झाडावर राहायला गेले. मी पाठवलं नव्हतं हो त्यांना. आपोआप गेले.

आपोआप — हा शब्द मी आयुष्यात फार वापरला आहे.

वैतागून नवऱ्यावर ओरडले, कुकरवर ओरडले, मग स्वतःवर. साधं एक वारूळ मला बांधता येईना, ज्याच्या बाहेर कुणी बसलेलं नाही? पण हे आजचं नाही. याला सात-आठ वर्षं झाली. आणि याची सुरुवात सुजातापासून होते — म्हणजे माझ्यापासून होते, पण मी तिचं नाव आधी घेते. बघा, अजूनही तेच करते आहे.

सुजाता आणि मी एका गावच्या. कोहिनूर. नाव कोहिनूर, आणि बघायला काय, तर तूर, सोयाबीन आणि बसवकल्याणच्या बसची वाट. आमची जमीन होती, त्यांची नव्हती. त्यांचं बौद्ध घर. वडील पोरीला शिकवायचंच म्हणून हट्टाला पेटलेले. तिची आई आमच्या रानात खुरपायला यायची. आम्ही तिला कौसा म्हणायचो. माझ्या आईपेक्षा वयानं मोठी, तरी कौसा. मी सहा वर्षांची होते तेव्हापासून कौसा. सुजाता माझ्या आईला काकू म्हणायची, आणि त्यात कुणाला काही खटकायचं नाही. आम्ही दोघी शाळेत एका बाकावर बसलो, एका बसनं गेलो, बीदरला एका कॉलेजात शिकलो, मग एकच खोली घेऊन राहिलो. लोकांना बहिणी वाटायचो. मला ते फार आवडायचं. त्यात मी किती चांगली, असं वाटायचं ना.

ती चित्रं काढायची. काळ्या बॉलपेननं, रद्दी कागदांच्या पाठीवर. चेहरे काय, सगळेच काढतात. ही पाय काढायची. मुंगीचा पाय, नाकतोड्याचा पाय, त्यावरची लव, सांधा कुठं मोडतो, जोर कुठं पडतो. तासन्‌तास. मी म्हणायची, अगं बाई, लोक तोंड बघतात. ती म्हणायची, तोंड खोटं बोलतंय, पाय न्हाई.

आमच्या ओळखीतली एक मुलगी हैदराबादला अशा खेळांच्या छोट्या कंपनीत लागली होती. तिनं विचारलं, किड्यांचं एक जग रचून द्याल का? मी लिहायचं, सुजातानं काढायचं. दोघींच्या नावानं काम. आमचा आनंद काय सांगू! त्या खोलीत बाहेरच्या लाल मातीचा थर रोज पुसला तरी रोज बसायचा, हवाईदलाची शिकाऊ विमानं दिवसभर डोक्यावरून घरघरायची, आणि आम्ही दोघी खाली जमिनीवर पालथ्या पडून राज्य रचायचो.

आणि चांगलं रचलं, हे मला म्हणू द्या. गांधीलमाशी लाकूड चावून कागद करते, म्हणून तहसील कचेरी गांधीलमाश्यांकडे. कुठलाही दाखला हवा असेल तर त्यांच्यापुढं उभं राहायचं आणि डंखाला भ्यायचं. वाळवी आंधळी, म्हणून तिच्यात देखणं-कुरूप काही नाही. डोकं भिंतीवर आपटून ती बोलते, लग्नंही आवाज ऐकून जुळवते. मुंग्यांचा कायदा वासात लिहिलेला. पाऊस पडला की धुऊन जातो, म्हणून दर पावसाळ्यानंतर सगळ्यांनी मिळून नवा लिहायचा. हे शेवटचं सुजाताचं. ती म्हणाली, दरसाल कायदा धुऊन निघाला तर काय मज्जा गं. आणि वारूळ? ते वाळवीनं बांधलेलं, मुंग्यांनी ताब्यात घेतलेलं. बांधणारी एक, राहणारी दुसरी. हे माझं. तेव्हा मला हे लिहिताना स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

मग आले शेणकिडे.

शेणकिड्यांचं मी एका बैठकीत लिहून काढलं. कुठं अडले नाही, कुठं खाडाखोड नाही. वारुळापासून थोडं लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, म्हणजे तिकडचा वारा वारुळाला लागू नये अशी त्यांची वस्ती. मुंगी मेली की तिचं मढं त्यांनी उचलायचं. घाण त्यांनी न्यायची. आणि उन्हाळ्यात पाणी आटलं की ते वारुळाच्या तोंडाशी येऊन उभे राहतात, पुढचे दोन पाय जुळवून, आणि वरून एक मुंगी पानाच्या टोकानं त्यांच्या जुळवलेल्या पायांत पाणी सोडते. उंचावरून. पान पायाला लागता कामा नये.

इतकं सहज लिहिलं मी ते. कंपनीला पाठवलं तर त्यांचा उलट फोन — बाकी सगळं ठीक, पण ही शेणकिड्यांची वस्ती म्हणजे कमाल आहे, अगदी खरी वाटते. खरी वाटते! वाटणारच की.

सुजाता चित्र काढायला बसली. वस्ती काढली, मढं उचलणारे काढले. पाण्यापाशी येऊन पेन थांबलं. मी शेंगा खात होते, मला आठवतं, टरफलं वाटीत टाकत होते. मग तिनं मान वर न करता विचारलं.

“नंदे, हे पाणी वरून कामून ओतायल्यात?”

मी पुढं जायच्या आधी तुम्हाला एक सांगायला हवं, नाहीतर या प्रश्नाचं वजन कळणार नाही. मी आठ-नऊ वर्षांची असताना आमच्या रानात खुरपणीच्या बायकांना पाणी द्यायचं काम माझ्याकडं होतं. आईनं शिकवलेलं — तांब्या उंच धर, हाताला लागू देऊ नको. त्या ओंजळ करून खाली वाकायच्या आणि मी बांधावर उभी राहून वरून धार सोडायची. मला त्यात मोठं झाल्यासारखं वाटायचं. एका रविवारी कौसाच्या मागं सुजाता उभी होती; शाळेला सुट्टी म्हणून आईबरोबर आलेली. कौसा पिऊन बाजूला झाली. सुजातानं ओंजळ पुढं केली. आणि मी — मी तिच्याही ओंजळीत वरून ओतलं. ती प्याली, तोंड पुसलं. दुसऱ्या दिवशी आम्ही एका बाकावर बसलो आणि तिनं मला तिची पेन्सिल दिली. यावर आम्ही कधी एक अक्षर बोललो नाही.

आता सांगा. लिहिताना मला हे आठवलं होतं का? नाही. देवाशपथ नाही. पण तिनं विचारलं त्या क्षणी आठवलं. बांध, तांब्या, तिची ओंजळ, सगळं लख्ख. आणि तिलाही तेच दिसत होतं, हे मला दिसत होतं. एवढंच म्हणायचं होतं, की सुजाता, चुकलं माझं. तीन शब्द. खोलीत तिसरं कुणी नव्हतं.

मी म्हणाले, “किड्यात तसंच असतंय गं. शास्त्र हाय त्याला.”

ती ‘बरं’ म्हणाली. भांडली नाही. मला अजून तिचा राग येतो त्याबद्दल — हो, तिचा! भांडली असती, कागद तोंडावर फेकला असता, तर कदाचित मी... नाही. हे मी काय बोलते आहे? तिनं भांडायला हवं होतं म्हणजे काय? ते पण तिनंच करायचं होतं का?

दुसऱ्या दिवशी ती गावाकडं गेली. मला वाटलं रुसली. चार दिवसांनी आली ती हातात कागदांचा हा एवढा गठ्ठा घेऊन, आणि नाक उन्हानं सोललेलं. चार दिवस ती गायरानात उकिडवी बसून शेणकिडे बघत होती. म्हशीमागं फिरत होती म्हणा ना. शास्त्र आहे म्हणाले होते ना मी? तिनं शास्त्र खरं मानलं आणि ते बघायला गेली.

शेणकिडा मढं उचलत नाही, तिनं सांगितलं. मुंग्यांच्या वाटेलाही जात नाही. तो आपला गोळा करतो, डोकं खाली, मागच्या पायांनी उलटा ढकलत नेतो. आणि निघायच्या आधी गोळ्यावर चढतो, स्वतःभोवती एक गिरकी घेतो, आभाळ बघतो, मग सरळ रेघेत वाट धरतो. तिनं ती गिरकी काढली होती. सहा पाय, प्रत्येक पाय वेगळा टेकलेला, आणि डोकं वर. मी आजपर्यंत कितीतरी चित्रकारांची कामं बघितली आहेत. तसं चित्र मी परत बघितलं नाही. तिचं म्हणणं, ह्यांना बाहेर बसवू नको. सगळ्या राज्यात आभाळ फक्त ह्यांना कळतं, वाट चुकलेल्या मुंगीनं ह्यांनाच विचारत यावं, असं कर. मग हळू आवाजात शेवटचं सांगितलं.

“आणि मुंगी मेली तर दुसरी मुंगीच उचलती, नंदे. आपलं मढं आपणच. मी बघून आले.”

ती हे मला खिजवायला म्हणत नव्हती. किड्याबद्दलच बोलत होती. किंवा नसेलही. मला ते ऐकून कानशिलं तापली एवढं खरं.

आता इथं येऊन मी नेहमी अडते. मनातल्या मनात हे कितीदा तरी बोलले आहे, आणि दरवेळी इथं येऊन पाणी प्यायला उठते. काय अवघड होतं? पाच पानं बदलायची. कंपनीला एक ओळ लिहायची की नवी कल्पना सुचली आहे. पण मग कंपनी विचारणार, ती एवढी खरी वाटणारी वस्ती का काढली? मग सांगावं लागणार. किंवा नसतंही सांगावं लागलं — पण सुजाताला कळलं असतं की मला कळलं आहे. तिच्यासमोर ते पान फाडणं म्हणजे कबूल करणं, की हो, हे आमच्या बांधावरून आलं. आणि मी तर चांगली होते ना. मी तर तिच्याबरोबर एका खोलीत राहत होते, एका ताटात जेवत होते. माझ्यात ते नव्हतंच. असूच कसं शकेल?

मी तिला म्हणाले, बघू, कंपनीला विचारते.

आणि कंपनीला मी लिहिलं — हे आता एका दमात सांगते — मी लिहिलं की सुजाताला घरच्या अडचणी आहेत, तिची चित्रं वेळेत होणार नाहीत. शिवाय ती जरा हळवी आहे, प्रत्येक गोष्ट अंगाला लावून घेते, तिच्याबरोबर काम करणं अवघड होत चाललं आहे. तुम्ही दुसरा चित्रकार बघा. लेखन ठरल्याप्रमाणे मी देते. हळवी. हा शब्द मी शोधून वापरला. आधी दुसरा लिहिला होता, तो खोडला, हा जास्त सभ्य वाटला. तिची गिरकीची चित्रं मी कंपनीला दाखवलीच नाहीत. त्यांनी ती आजतागायत बघितलेली नाहीत.

दोन दिवसांनी मी सुजाताला सांगितलं, कंपनीला तुझी चित्रं पसंत पडली नाहीत. ती कपडे वाळत घालत होती. काय म्हणाले, तिनं विचारलं. मी म्हणाले, दम नाही म्हणाले. हा ‘दम नाही’ माझा. तिथल्या तिथं बनवलेला. राज्यं बनवणाऱ्या बाईला दोन शब्द बनवायला कितीसा वेळ लागतो?

तिनं हातातली ओढणी दोरीवर नीट पसरली, चिमटा लावला.

“पाय बी न्हाई आवडले?”

मी म्हणाले, “न्हाई.”

पुढच्या आठवड्यात तिनं खोली सोडली. सांगून, नीट, माझ्यासाठी आईकडून आणलेलं शेंगदाण्याचं तिखट ठेवून. कलबुर्गीला एका ऑफिसात कॉम्प्युटरवर बसायची नोकरी धरली. लग्नाला मी गेले होते. तिनं मला पुढच्या ओळीत बसवलं.

खेळ निघाला, चालला. लोकांना सगळ्यात आवडली ती वस्ती. तिथं पाण्याचा प्रसंग खेळावा लागतो — तुम्ही मुंगी व्हायचं आणि पाणी वरून बरोबर नेम धरून सोडायचं. पान पायाला लागलं की गुण कापले जातात. पोरं फार हुशारीनं खेळतात म्हणे. हे मी लिहिलेलं नव्हतं, कंपनीनं वाढवलं. पण मला विचारलं होतं, चालेल का? मी चालेल म्हणाले होते.

आणि सुजाताशी माझं बोलणं बंद झालं असं नाही. सणासुदीला फोन, वाढदिवसाला फोन. हेच तर आहे ना. बोलणं तुटलं असतं तर मी म्हटलं असतं, आता कुठं सांगू? रोज सांगता आलं असतं. दर दिवाळीला सांगता आलं असतं. आणि ती प्रत्येक दिवाळी मी ‘फराळ झाला का’ विचारून घालवली.

परवा दुपारी तिचा फोन आला. मी काजवे फाडत बसले होते. म्हणाली, नंदे, तुझा खेळ घेतले मोबाईलवर, इतक्या वर्षांनी म्हटलं बघावं तरी. पाण्यापर्यंत पोचलीस का, हे विचारायचं होतं, विचारलं नाही. तीच म्हणाली, पाण्यापाशी जाऊन बंद केले. सहज म्हणाली, भाजी करपली म्हणून गॅस बंद केला असं सांगावं तसं. आणि लगेच दुसरंच काढलं.

“नव्या चित्रकारानं पाय चुकवलेत गं. गोळा पुढच्या पायानं ढकलायलाय.”

मी म्हणाले, हो का. माझ्या लक्षात आलं नव्हतं.

ती हसली. म्हणाली, तिनं स्वतः तर नंतर पेन हातात धरलंच नाही. ते गठ्ठे कौसाकडं पडले होते, घर बांधताना कुठं गेले कुणास ठाऊक. तिच्या मुलीच्या शाळेत परवा काहीतरी चित्र काढायचं होतं, मुलगी म्हणाली आई काढून दे, तर ही म्हणाली, मला येत न्हाई बाई. हे सगळं ती हसत सांगत होती. मी अजून बीदरलाच राहते; खिडकीत उभी होते. एक विमान डोक्यावरून घरघरत आलं आणि आवाज पार जाईपर्यंत ती थांबली. बीदरची सवय आहे तिला अजून. तेवढा वेळ मला होता. पुरेसा होता.

मग ती म्हणाली, “पण एक सांगू का, बरं केलीस तू तवा. तोंडावर खरं सांगितलीस. दुसरी कुणी असती तर गोड बोलून ठेवली असती, आणि मी त्याच नादात बसले असते. दम न्हवताच माझ्यात. व्हय ना?”

मी म्हणाले, “हं.”